सतरंजीखालची बाहुली

"आता बाबा घरी आल्यावर काय होतं, ते बाहुलीसोबत करून दाखवायचं हं," अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या. पालक मेळाव्याला आज पहिल्यांदाच आलेला संपत सावरून बसला.

एका मुलाने बाहुलीला खांद्यावर बसवलं. एकीने तिला खाऊ भरवला. सगळे हसले.

मग संपतची लेक कार्तिकी उठली. तिने बाहुली पटकन सतरंजीखाली लपवली आणि ओठांवर बोट ठेवलं. "श्श, बाबा आले."

कुणीच हसलं नाही. ताईंनी हळूच पुढच्या मुलाला बोलावलं.

संपत संध्याकाळी कामावरून परतला, तेव्हा घरातून कार्तिकीच्या खिदळण्याचा आवाज येत होता. कडीवर ठेवलेला हात त्याने काढून घेतला आणि तो बाहेर पायरीवरच बसून राहिला.