डावीकडची जागा

"मावशी, उजवीकडे बसा ना. तिकडून ते तुम्हाला बघतील तरी," स्नेहल म्हणाली.

"बायकूची जागा डावीकडंच आसती," म्हणत झुंबरबाईनं स्टूल नवऱ्याच्या डाव्या खांद्याशी सरकवलं.

बजरंगभाऊंच्या मेंदूत उजव्या अंगाला गुठळी अडकली आणि डावीकडचं जग त्यांच्यापुरतं संपलं. डोळे धडधाकट, पण लक्ष तिकडं फिरकतच नव्हतं. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची आणि ते "आजून वाढ" म्हणून ओरडायचे. ती अर्धी झुंबरबाई गुपचूप खायची. नवऱ्याच्या आजारपणात बायका वाळून काटकी होतात, हिच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. गावात, नवलाख उंबऱ्यात, लोक म्हणायचे, सेवेचं पुण्य, दुसरं काय!

स्नेहल या लोणावळ्याच्या दवाखान्यात संशोधनासाठी पुण्याहून यायची. माणसाची नजर कशी फिरते ते तिनं कॉम्प्युटरला शिकवलं होतं. मग भाऊंच्या मेंदूला जिथं इजा झाली, तिथंच या नकली मेंदूलाही केली. तोही अर्धंच बघू लागला. कुठल्या चष्म्यानं, कुठल्या सरावानं नजर डावीकडं वळेल, हे आधी त्याच्यावर करून बघायचं आणि मग भाऊंवर.

"काल कॉम्प्युटरची नजर वळली, मावशी!"

झुंबरबाईनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "चुकत बी आसंल की त्ये."

"चुकतं कधीकधी. पण भाऊंच्या बाबतीत अजून तरी नाही."

"म्हंजी पुन्ना पयल्यासारखं व्हत्याल?"

"अगदी पहिल्यासारखे."

झुंबरबाईला भयंकर भीती वाटत होती आणि ती लपवावी कशी तेही कळत नव्हतं. "म्या शिरगावच्या साईबाबाला नवस बोललीया, पोरी," ती एवढंच म्हणाली.

"मग फळलाच समजा." स्नेहलनं तिचे गार पडलेले हात दाबले.

तिनं जाड भिंगाचा चष्मा भाऊंच्या डोळ्यांवर चढवला, समोरच्या ठिपक्यांना पुन्हा पुन्हा बोट लावायला लावलं आणि चष्मा काढला. "भाऊ, हाक येईल तिकडं बघा हं. मावशी, द्या हाक."

झुंबरबाईनं स्टूल आणखी मागं सरकवलं.

"द्या ना, मावशी. घाबरू नका."

"आवं," ती कशीबशी म्हणाली.

इतके दिवस कुठूनही हाक आली तरी भाऊंची मान उजवीकडंच जायची. आज ती अडखळली, थांबली आणि हळूहळू डावीकडं वळली. स्नेहलच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं.

"हितं बसतीस व्हय तू?" बजरंगभाऊ म्हणाले.

झुंबरबाईनं सवयीनं दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले.