वर्गणीचा दावा

"माझ्या पगारातली वर्गणी कुणाला इचारून कापली?"

पगाराच्या खिडकीशी प्रयागबाईनं विचारलं आणि मागच्या रांगेनं माना उंचावल्या. कारकुनानं युनियनच्या पुढाऱ्याकडं, मानसिंगकडं बोट केलं.

"समद्यांचीच कापत्यात," मानसिंग म्हणाला. "कारखान्याचा आन् युनियनचा करारच हाय तसा."

"बनाबाईचा हात ऊस टाकायच्या गव्हाणीत सापडला, तिला कामावरनं काढली, तवा कुठं होती तुमची युनियन?"

मानसिंगनं मान वळवली. "लई बोलतीस. एवढं वाटतंय तर जा की बारामतीच्या कोर्टात."

रांगेतले हसले. लासुर्ण्याजवळच्या त्या साखर कारखान्यात पोती शिवणारी बाई, आणि कोर्टात जाणार!

प्रयागबाईही ते विसरून गेली असती. पण त्याच आठवड्यात बारामतीचे मोहनराव वकील तिच्या दारात उभे राहिले.

"दावा लावायचा असेल तर मी लढतो. फी नको."

"कुणी धाडलं तुमाला?"

"ते विचारू नका. तुमचं म्हणणं खरं आहे ना, मग झालं."

तिनं अंगठा दिला, आणि वस्तीवरचे दिवस पालटले. विहिरीवर ती गेली की बाया घागरी उचलून बाजूला होत. मालकानंच तिला वकील करून दिलाय, अशी बोलवा उठली. गेटवरच्या सभेत मानसिंग ओरडला, "युनियन मोडायला निघालेली माणसं वळखून ऱ्हावा!" नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

लोकांचं बोलणं तिनं सोसलं असतं. पण तीच शंका तिच्याही मनाला कुरतडत होती. फुकट लढणारा वकील मालकाखेरीज दुसरं कोण धाडणार?

शेवटी ती बनाबाईकडं गेली. "दावा मागं घिऊ का गं?"

बनाबाई डाव्या हातानं कशीबशी भाकरी थापत होती. "वकील कुणाचा हाय, मला ठावं न्हाय. पर माझ्यासाठनं तोंड उघडलं ते तूच."

प्रयागबाई तारखेला हजर राहिली.

मोहनरावांनी मानसिंगला साक्षीला उभं केलं. "कापलेली वर्गणी कुठं जाते?"

"आधी मालकाच्या हापिसात. मग आमच्याकडं."

"बनाबाईच्या वेळी युनियन का भांडली नाही?"

मानसिंगनं एकवार कारखान्याच्या वकिलाकडं पाहिलं. मग म्हणाला, "भांडायला उठलो, तर हापिसानं वर्गणीच अडवली. आमची कमिटी भ्याली. आमी गप बसलो."

कारखान्याचा वकील हरकत घ्यायला ताडकन उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. प्रयागबाई चक्रावली. मोहनराव मालकाचे असतील, तर मालकाच्या वकिलाला एवढं झोंबायचं कारण काय?

निकाल लागला. कामगाराच्या मर्जीशिवाय पगारातून वर्गणी कापता येणार नाही.

कोर्टाच्या आवारात कारखान्यातली माणसं घोळक्यानं उभी होती. तिच्याजवळ कुणी आलं नाही. मानसिंग मात्र गर्दीतून सरळ तिच्याच दिशेनं निघाला. तिनं पदर खोचला. काय बोलायचं ते बोलू दे, आज तीही ऐकून घेणार नव्हती.

"आता वर्गणी दारोदार फिरून मागावी लागंल," मानसिंग म्हणाला.

"मागा की. दारात आलासा म्हंजे कुणाचं काय दुखतंय, त्ये तरी दिसंल."

"बनाबाईच्या दारापासनं सुरू करतो. तिला कामावर परत घ्याया लावायचं हाय."

प्रयागबाईनं खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "तसं असंल, तर माझी वर्गणी पहिली घ्या. आन् फिराया मीबी येती."

मानसिंग खळखळून हसला आणि तिच्या मागं उभ्या असलेल्या मोहनरावांना म्हणाला, "वकीलसाहेब, वर्गणी हापिसाच्या तावडीतनं सोडवाया कमिटीला चोरून तुमाला हिच्याकडं धाडलं, तवाच म्हणलं नव्हतं का, ही बाई मागं हटायची न्हाय?"