कानाचं काम

"पुढचा जास्त ओढतोय," ती म्हणाली.

"मागचा," मास्तर म्हणाले.

लाल गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि मास्तरांची बायको इंजिनावर ओणवी झाली होती. रबरी नळीचं एक टोक तिच्या कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. शर्यतीच्या गाडीसारख्या घाटाची, दोनच माणसांची बुटकी गाडी. त्यांच्या मुलीपेक्षा सहा वर्षांनी मोठी. गाडीला पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे कार्ब्युरेटर दोन. दोघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन शांत चालतं, नाहीतर नुसतं थरथरतं. कोण किती ओढतोय ते नळी लावून ऐकायचं आणि स्क्रू पिळून दोघांना एका मापात आणायचं. इतकी वर्षं हे मास्तर स्वतः करत. बायकोने शेडमध्ये यायचं ते चहाचा कप ठेवण्यापुरतं.

कापड गिरणीत छत्तीस वर्षं त्यांनी मागांच्या खडखडाटात काढली होती. विव्हिंग मास्तर म्हणून निवृत्त झाले. 'मास्तर' हे नाव राहिलं, कान गेले. गेले हे मात्र त्यांनी कधी कबूल केलं नाही. चार रविवार ते स्क्रू पिळत होते आणि गाडी दर रविवारी आणखी बिघडत होती. दोष आधी पेट्रोलचा निघाला, मग हवेचा, मग स्क्रू विकणाऱ्याचा. ती पलीकडे स्वयंपाकघरात भांडी विसळताना ऐकत होती. आत दोन श्वास आहेत आणि एक दुसऱ्याला पुरा पडत नाहीये, हे तिला पहिल्याच रविवारी कळलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आज त्यांनी हाक मारली. "जरा ये इकडे. कंबर धरलीय, वाकता येत नाही." एवढं बोलून ते स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच वाकले.

"पुढचा, पुढचा," तिने मोठ्याने सांगितलं.

"तुला काय कळतंय त्यातलं."

त्यांनी मागचा स्क्रू आणखी सैल केला. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मागचाच पिळला, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी तिच्याकडे न बघता त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुढच्या स्क्रूवर टेकवला.

तिने डोळे मिटले आणि बोट वर केलं. बोट हलेल तसे ते पिळत गेले.

मुलगी व्हायच्या आधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लाइनवरच्या खरखरीवरून कुठला सांधा सुटलाय ते ती जागेवर बसून सांगायची. खांबावर चढणारी माणसं आधी तिला विचारत. मुलगी झाली तेव्हा मास्तर म्हणाले होते, "दिवसभर नुसतं ऐकत बसायचं, त्याला काय नोकरी म्हणायची?" राजीनाम्याचा कागदही त्यांनीच आणून दिला होता.

"थांबा," ती म्हणाली. बोट थांबलं. "आता मागचा घट्ट करा. थोडा. अगदी थोडा. झालं."

इंजिन एका सुरात चालू लागलं. मास्तरांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी मडगार्डवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. थरथर गेली होती. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी फडकं घेतलं आणि मडगार्डवरच तिचं कोपर टेकलं होतं तेवढी जागा पुसून काढली.

समोरचा केमिस्ट फाटकाशी येऊन उभा राहिला. "काय गोड चालतेय हो मास्तर. कुठल्या गॅरेजला दिली होती?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांचं पाच वर्षांचं ठरलेलं, कधी न बोललेलं. कुणी काही विचारलं की ते तिच्याकडे बघत, आणि ती आपल्याच मनचं काही बोलल्यासारखा तो प्रश्न मोठ्या आवाजात परत त्यांच्यापर्यंत पोचवत असे.

"गॅरेजला कशाला देतील?" ती जोरात म्हणाली. "घरीच केलंय सगळं."

"घरीच," मास्तर छाती भरून म्हणाले. "कान लागतो त्याला. गॅरेजवाल्यांकडे कुठला?" मग थोडं थांबून, मोठ्या मनाने, "हिनेही मदत केली. नळी धरली."

केमिस्टने कौतुकाने मान हलवली. "मग एक काम करा. माझ्या साडूकडे दर रविवारी दहा-बारा जण आपापल्या जुन्या गाड्या घेऊन जमतात. एकालाही हे जमत नाही. पुढच्या रविवारी मी नेतो तुम्हाला. सगळ्यांसमोर लावून दाखवा. वहिनींना उगीच कशाला त्रास, एकटेच चला. येणार ना?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

नळीचा काळा डाग तिच्या कानाला लागला होता. तिने टॉवेलच्या टोकाने तो पुसायला घेतला. आधी बाहेरून, मग कानाच्या मागे, मग आतली एकेक वळी. केमिस्ट उत्तराची वाट बघत उभा होता. ती पुसत राहिली.

मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले आणि त्यांनी जोरात मान डोलावली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.