अर्धा कान

“घरमा कितला जन शेतस?” झुलालने विचारलं.

“मी, बायको आणि मुलगी. सहा वर्षांची आहे.”

“आंगन?”

“नाही. देवपुरात भाड्याची खोली. पुढे हातभर ओटा.”

“मंग हाई नको, गुरुजी.” झुलालने जवळच्या लांबोड्या शिकारी कुत्रीच्या पाठीवर थाप मारली. “कारवानी शे. हिले पळाले रान लागस. खोलीमा येडी व्हई जाई.”

दोंडाईच्यात कुत्री पाळून विकणारा झुलाल हा एकच माणूस. आधी गिऱ्हाइकाचं घर विचारायचं, मग कुत्रं दाखवायचं, ही त्याची रीत. लेक द्यायची असल्यासारखी खोदून चौकशी करायचा. पितांबर शाळेत मास्तर. त्याला प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नव्हे. तरी आज तो निमूट सांगत होता.

“मुलगी कुत्र्यांना फार भिते हल्ली,” तो म्हणाला. “झोपेत दचकून उठते. तिच्यासाठीच आलोय, झुलालभाऊ.”

“मंग हाऊ धनगरी बी नको.” झुलालने केसाळ, थोराड कुत्र्याकडे मान हलवली. “हाऊ एक मालक धरस. बाकी बठ्ठासले चोर समजस.”

तो पिलांकडे वळला. तिन्ही पिलं पोत्यावर एकमेकांत गुंतून झोपली होती. तिघांच्याही डाव्या कानाला हळद माखलेली होती. झुलालने त्यातलं एक मानगुटीला धरून उचललं.

“हाई लई जा. गावठी शे, खोलीमा ऱ्हाई. पोरना संगे वाढी, तिनी भीती बी जाई.”

पितांबरने पिलाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्याची नजर अंगणभर फिरत होती. सगळीकडे मिरच्या वाळत होत्या. भिंतीकडच्या कोपऱ्यात नवी माती टाकून सारवलं होतं, तिथेही मिरच्या पसरल्या होत्या. पलीकडे निंबाखाली एक तांबडं कुत्रं खुंट्याला बांधलेलं होतं. खुंट्याभोवतीची जमीन गोल झिजून गुळगुळीत झाली होती. कुत्र्याचा डावा कान अर्धा होता.

पितांबरने तिकडे बोट केलं.

“तो?”

“तो इकाना नई. घरना शे.”

“मोठंच कुत्रं हवं होतं मला. बरं असतं ना त्याचं? खातं-पितं? पाणी पितं?”

झुलालचा हात पिलाच्या पाठीवर थबकला. त्याने मास्तराकडे निरखून पाहिलं. मग घाईघाईने उठला, रांजणातून परातीत पाणी ओतलं आणि तांबड्यापुढे सरकवलं.

“देखा ना! पानी कोनता कुत्रा नई पेस?”

कुत्रं उठलं. त्याने एकदा पितांबरकडे बघून शेपटी हलवली आणि लपालपा पाणी प्यायला लागलं. तळ दिसेपर्यंत प्यालं. परातीचा काठसुद्धा चाटला.

पितांबर ओट्यावर बसला. डोळे भरून आले, ते त्याने उपरण्याने टिपले.

“मिरची झोंबली,” तो म्हणाला. “बायकोला विचारून येतो पिलाचं.”

गल्ली ओलांडेपर्यंत तो सावकाश चालला. मग जवळजवळ धावतच मोटारस्टँडकडे निघाला. वाटेत थांबून त्याने लेकीसाठी, मंदासाठी, गोडीशेव घेतली.

गेल्या बाजाराला त्याची बायको प्रमिला लेकीला घेऊन दोंडाईच्याला माहेरी आली होती. भर बाजारात एका कुत्र्याने मंदाची पोटरी फोडली. आजीने जखमेवर चुना दाबला आणि झालं म्हणाली. पितांबरला कळलं ते त्या दोघी देवपूरला परतल्यावर. डॉक्टर तर आजीवर संतापलेच. पोटात सुया घ्याव्या लागतील म्हणाले. सुया ऐकून मंदाने असा टाहो फोडला की शेजारी गोळा झाले. तेव्हा डॉक्टर जरा नरमले. “पिसाळलेलं कुत्रं फार दिवस जगत नाही. ते कुत्रं अजून जिवंत आहे, पाणी पितं आहे, असं डोळ्यांनी पाहून या. मग सुया नकोत. पण आजच्या आज. आता वेळ घालवू नका.”

तांबडं, डावा कान अर्धा, एवढंच मंदाने सांगितलं होतं. बाजारात विचारलं तर लोकांनी लगेच झुलालचं नाव घेतलं. पण तुमच्या कुत्र्याने चावलं म्हणून गेलं की मालक हात वर करतो आणि कुत्रं रातोरात पाहुण्यांच्या गावी जातं, हे पितांबरला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो ताकाला गेला आणि भांडं लपवलं. ते साधलं म्हणून तो आता स्वतःवरच खूश होता. मोटारीत बसल्यावर त्याने गोडीशेवची पुडी छातीशी धरली. आज संध्याकाळी पोर निर्धास्त झोपणार होती.

इकडे भिकुबाई मिरच्या उलथायला अंगणात आली.

“काय हो, पिलू नेलं नई का त्यानी?” तिने नवऱ्याला विचारलं.

“नई. पानी पेस का, इतलंच इचारं.” झुलाल पिलाच्या कानाला पुन्हा हळद लावत होता. आपल्याकडे जन्मलेल्या प्रत्येक कुत्र्याचा डावा कान तो खुणेसाठी अर्धा कापायचा. “कोनी तरी आपला पिसाळेल कुत्रानी वार्ता सांगी दिधी व्हई त्याले. मी हाऊ दखाडा. हाऊ तर दिवाळीपासून खुटाले बांधेल शे.”

भिकुबाईने कोपऱ्यातल्या नव्या मातीकडे पाहिलं.

“याना तांबडा भाऊले तुमी तठे गाडं, त्याना पहिले तो बाजारमा सुटेल व्हता. कोनले चावना ते नई ना?”

“येडी शे का तू?” झुलाल म्हणाला. “कोनले चावता तर मानूस आतापावत बोंबलत नई येता का?”