निर्भय खोली

चष्मेवालीला आणि तिच्या बाबांना इमारतीतून काढण्याचा ठराव त्या संध्याकाळी एकमताने मंजूर झाला. पण ते सोडा. असं काही घडलंच नाही असं धरून चालू. इमारतीतले लोकही तसंच धरून चालतात, आणि त्यांना झोपही छान लागते.

तर सभा अजून चालू होती. सभागृहात अंधार केला होता, कारण उजेडात तिथे कोणी निर्भयपणे बोलत नसे. रीत अशी होती : ज्याला बोलायचं त्याने चाचपडत कोपऱ्यातल्या निर्भय खोलीत शिरायचं, जाडजूड दार लावून घ्यायचं आणि मनात असेल ते माइकमध्ये ओकायचं. आत बाहेरचं काही ऐकू येत नसे. बाहेर कर्णा होता. कोण बोललं ते कळू नये म्हणून यंत्र सगळ्यांचे आवाज एकाच सपाट, सर्दी झालेल्या आवाजात बदलून कर्ण्यातून सोडायचं. चिटणीस पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "आमच्याइतकी मोकळी चर्चा कुठेच होत नाही. तोंड दाखवायचंच नाही म्हटल्यावर लाजायचं कशाला?"

आजचा विषय चष्मेवालीची पाटी. आपण कोणत्या बाजूचे ते प्रत्येकाने दारावर लिहायचं, असा नियम झाला होता. तिने पाटी लावली, पण कोरी. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता बरं दिसतं, की मघाशी?" विचारणाऱ्या बाईला स्वतःची बाजू काही ठरवता येत नव्हती. आणि खोटं लिहायचं नव्हतं. गुन्हा एवढाच.

"कोरी पाटी म्हणजे लपवलेली पाटी," कर्णा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "असल्यांना आजच काढा. उद्या कशाला?"

चष्मेवालीच्या शेजारच्या खुर्चीत कोणीतरी येऊन बसलं. ताज्या पावाचा वास आला, म्हणजे बेकरीवाले काका.

"तुझ्याच बाजूने बोलून आलो हं, पोरी," ते कुजबुजले. "पण बाकीचे बघ कसे एकेक! मतदानाला तुझ्यासाठी हात काही वर करता यायचा नाही मला. एकटा पडेन गं."

"कळतं, काका," ती म्हणाली. मनात म्हणाली, लबाड म्हातारा.

मग मागून शिवणकामवाल्या ताईही तेच सांगून गेल्या. त्यांच्यामागून वरच्या मजल्यावरचे मास्तर. जो तो तिच्या बाजूने बोलून येत होता आणि कर्ण्यातून तिच्या बाजूचा एक शब्द येत नव्हता. माणसं तोंडावर किती गोड खोटं बोलू शकतात, याचं तिला कौतुकच वाटायला लागलं.

तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीतून बाबा उठले. "थांब, आता मीच बघतो एकेकाला," म्हणाले आणि काठी टेकत गेले. दार लागलं. कर्णा बाबांसारखाच खाकरला आणि सपाट आवाजात म्हणाला, "ही मुलगी घरातसुद्धा कोणाची झाली नाही. हिला हाकला. आणि हिच्या बापालाही ठेवू नका."

कोणीतरी टाळी वाजवली.

बाबा धापा टाकत परत आले. "काय गं, कशी जिरवली? म्हटलं, माझ्या लेकीइतकं सरळ माणूस या इमारतीत काढून दाखवा! आवाज फार चढला नव्हता ना?"

तिने काकांचा दंड धरला. "काका, यंत्र उलटं बोलतंय! सगळ्यांचंच!"

"श्श! जे काय असेल ते खोलीत जाऊन बोल. इथे बोललं की भित्रेपणा दिसतो."

चष्मेवालीने जरा विचार केला. एका भिंगाने चित्र उलटं झालं, तर दुसरं लावून ते सरळ करता येतं. हा तर तिचा रोजचा धंदा. ती उठली.

खोलीत उबट, शिळ्या श्वासांचा वास होता. माइक ओलसर होता. ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि अगदी स्पष्ट उच्चारात बोलली, "मी लबाड आहे. आम्हाला इथे ठेवू नका. माझी स्वतःचीच तशी इच्छा आहे."

माइकने हलकेच आवंढा गिळला.

ती हसत बाहेर आली. दिवे लागले होते. सगळे तिच्याकडे बघत होते. बेकरीवाले काका डोळे पुसत होते.

"तुझ्या आवाजात आलं गं," बाबा म्हणाले. "तुझ्याच. शब्दन् शब्द."

"त्यांचीच इच्छा म्हटल्यावर आपला प्रश्न मिटला," चिटणीस म्हणाले. "हात वर करा."

हात वर झाले. बाबांचाही झाला, लेकीचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

"थांबा, ते खरं नव्हतं!" ती ओरडली. आवाज सपाट निघाला. सर्दी झालेला. सगळ्यांनी माना वळवून कर्ण्याकडे पाहिलं. बाबांनीही. कर्णा गप्प होता.

तिने पुन्हा तोंड उघडलं, तसं लोकांनी पुन्हा कर्ण्याकडे माना वळवल्या. शेवटी तिने चिटणिसांपुढचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं :

"महोदय, सभेच्या यंत्राने माझा आवाज ठरावापुरता वापरायला घेतला होता. ठराव मंजूर झाला असून यंत्रास त्याची आता गरज नाही. माझे वडील दुसऱ्या कोणत्याही आवाजाला ओ देत नाहीत. तरी सदर आवाज, आहे त्या स्थितीत, मला परत मिळावा, ही विनंती."