साखरेला मखमल

काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तसं सुयशनं आईला लासूर स्टेशनच्या घरून बजाजनगरला आणलं. पण गोजरबाईंचा जीव इथं लागेना. दिवसभर भिंती चाचपत येरझारा घालायच्या. एकदा चहात साखर समजून मीठ टाकलं, तेव्हापासून तर त्या स्वयंपाकघरात पाऊलच टाकेनात. चहाची तलफ आली तरी सून कामावरून येईपर्यंत वाट बघायच्या. जेवणही कमी झालं.

रूपालीला सासूची ती तगमग बघवेना. सुट्टीच्या दिवशी तिनं शिवणातल्या उरलेल्या चिंध्या काढल्या आणि जुन्या पत्र्याच्या डब्यांना चिकटवल्या. साखरेला मऊ मखमल, चहापत्तीला जीन्सचा जाड तुकडा, मिठाला खरखरीत गोणपाट.

"आई, नुसता हात फिरवा अन् ओळखा," ती म्हणाली. "आता कुणाची वाट बघायची नाय. करमंल बघा तुम्हाला इथं."

गोजरबाई संध्याकाळपर्यंत डबे कुरवाळत बसल्या होत्या. सकाळी रूपालीला जाग आली ती आल्याच्या वासानं. सासूबाई कुणाला न विचारता, थेंबही न सांडता चहा गाळत होत्या. रूपालीचे डोळे भरून आले.

"जमलं की आई तुला!" सुयश म्हणाला.

"व्हय, लई बेस जमलं," त्याच्या हातात कप देत गोजरबाई म्हणाल्या.



"आता हे डबे पिशवीत भर, अन् मला लासूरला नेऊन सोड. माझ्या घरी ऱ्हाईन मी, माझी माझी."