रूपरावांचं पान

रूपरावांना महारोग झाला, तेव्हा नणंदांची लग्नं अडू नयेत म्हणून सासऱ्यानं त्यांना गुपचूप कुष्ठाश्रमात सोडलं अन् आंजी गावात सांगितलं, पटकीनं गेला. कुंकू पुसताना अनुसयाबाई गप्प राहिली. सासरा वारल्यावर हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

दर पितृपक्षात रूपरावांच्या नावाचं पान छपराच्या कवेलूंवर ठेवायचं, अन् कावळा काही शिवायचा नाही.

"काऊन शिवत नाई वं माय? बाबाचं काय राह्यलं असन?" लेक वैतागायचा.

"राहू दे. गाईले चारून दे," ती म्हणायची, अन् तेवढ्यावर पुढचं वर्ष काढायची.

अठ्ठ्याहत्तर साली पान ठेवताक्षणी कावळ्यानं घास उचलला. सगळं घर हुश्श झालं.



अनुसयाबाई आत गेली, अन् अकरा वर्षं कमरेला खोचून ठेवलेली मंगळसूत्राची काळी पोत तिनं तोडली.